एका निळ्या डायोडच्या मृत्यूचा दाखला

तुम्ही एका बाईच्या हातावर आळ घेतलात, साहेब. पुरावा न बघता, तिचा चेहरा न बघता आणि, आता स्पष्टच बोलायचं तर, ते यंत्रसुद्धा धड न बघता. तुमचं नाव इथे लिहिता येत नाही, कारण तुम्ही ते कुठेच लिहिलेलं नाही. सहीच्या जागी शाईचं एक गांडूळ आहे आणि त्याच्याखाली ‘अधिकृत स्वाक्षरीकर्ता’ असं छापलंय. गांडुळाला जाब विचारता येत नाही. म्हणून ही हकिकत चारचौघांत मांडायची वेळ आली.

गांडुळाच्या वर तीन वाक्यं होती. ‘हाताळणीतील निष्काळजीपणामुळे लेझर डायोड जळाला आहे. डायोडची दुरुस्ती होत नाही. ग्राहकाने नवीन यंत्र घ्यावे.’

ही वाक्यं ज्या घरात येऊन पडली ते घर फ्यूजरावांचं. फ्यूजराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दाराची घंटा घोगरी वाजते म्हणून एकदा त्यांनी ती उघडली आणि सबंध इमारतीचे दिवे गेले. लिफ्टमध्ये तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष होते. दोन मजल्यांच्या मध्ये, हातात दुधाची पिशवी घेऊन. ते बाहेर आले ते हे नाव घेऊनच. तेव्हापासून फ्यूजरावांनी हातात नुसता पेचकस धरला तरी शेजारी मेणबत्त्या शोधायला लागतात. घंटा मात्र आता खणखणीत वाजते, हे कुणी सांगत नाही.

नोकरी म्हणाल तर विमा कंपनीत. लोकांचे दावे तपासायचे आणि बहुतेक नाकारायचे, हे त्यांचं काम. त्यामुळे तुमचं पत्र वाचून त्यांना जे कळलं, ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. ‘हाताळणीतील निष्काळजीपणा’ हे शब्द कुणी विचार करून लिहीत नाही. त्यांचा शिक्का असतो. फ्यूजरावांच्या टेबलावरही तो आहे, टाचण्यांच्या डबीशेजारी, वापरून वापरून मधली अक्षरं झिजलेला.

“अगं, हे तपासून लिहिलेलं नाही,” ते बायकोला म्हणाले, “हे जेवणाच्या सुट्टीआधी उरकलेलं आहे.”

ती यंत्राकडे बघत होती.

आता यंत्राविषयी. बायकोला इमारतीत सगळे ‘पाटीवाल्या वहिनी’ म्हणतात. लाकडाच्या फळीवर नावं कोरून ती दारावरच्या पाट्या करते. आधी हाताने, पटाशीने करायची. मग स्वतःच्या कमाईतून तिने ते लेझरचं यंत्र आणलं. टेबलाएवढी चौकट, तिच्यावर डावीकडून उजवीकडे सरकणारा एक डबा, आणि त्या डब्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसलेला डायोड. त्यातून निळा किरण निघतो आणि लाकडावर अक्षर उमटतं. पहिलं अक्षर उमटलं तेव्हा ती लाकडाच्या जळक्या वासाच्या धुरात उभी राहून हसत होती. फ्यूजरावांनी लग्नात तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. अर्थात लग्नात समोर ते स्वतः होते.

अध्यक्षांनी तिला इमारतीच्या प्रवेशदारातल्या मोठ्या फलकाचं काम दिलं. सगळ्या रहिवाशांची नावं, मजल्यांप्रमाणे, वार्षिक सभेच्या आत. “वरच्या ओळीत माझं नाव जरासं मोठं आलं तरी चालेल,” असंही सुचवून गेले. ‘चालेल’ या शब्दावर त्यांनी जो जोर दिला त्यावरून न चालण्याची काय शिक्षा होती ते कळत होतं. आणि यंत्र बंद पडलं ते नेमकं अध्यक्षांच्या नावाच्या मधोमध. अर्धे अध्यक्ष कोरले गेले, अर्धे राहिले.

तुमच्या माणसाने फोनवर बाईला एकच प्रश्न विचारला: “मॅडम, भिंग पुसलं होतं का?” ती खोटं बोलत नाही. म्हणाली, “हो, सकाळीच पुसलं, मऊ फडक्याने.” “मग झालं,” तो म्हणाला. भिंग रोज मऊ फडक्याने पुसावं, असं तुमच्याच माहितीपुस्तकात लिहिलंय, साहेब. चित्रासकट. चित्रातली बाई पुसतापुसता हसतेय.

मग यंत्र तुमच्याकडे गेलं, डायोड मेल्याचा दाखला घेऊन परत आलं, आणि वहिनींनी त्याच्यावर जुनी चादर घातली. माणूस गेल्यावर घालतात तशी.

“माझ्याच हाताने जळालं,” ती म्हणाली. “मला मेलीला कळायला हवं होतं. पाटीचं काम सोडूनच देते.”

पटाशीलाही तिने हात लावला नाही. दोन-चार लोक पाट्या सांगायला आले, त्यांना तिने दारातूनच नाही म्हटलं. फ्यूजरावांच्या मनात जे पेटलं ते इथे पेटलं. यंत्र गेलं तर गेलं. पण या बाईचा हात सरळ रेघ मारतो, ब्लाउजला सरळ टीप मारतो, आणि कुठल्या तरी गांडुळाच्या सांगण्यावरून ती स्वतःच्या हाताकडे चोरासारखं बघायला लागली होती. तिच्या हाताने डायोड जळालेला नाही हे सिद्ध करायचं, अशी फ्यूजरावांनी मनाशी गाठ मारली. कसं करायचं ते माहीत नव्हतं. त्यांना कधीच माहीत नसतं, म्हणून तर ते सुरुवात करतात.

बातमी जिन्यावरून वरखाली गेली आणि सल्ले यायला लागले. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, “रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. माझा मोबाइल तसाच बरा झाला.” अध्यक्ष म्हणाले, “ऊन दाखवा.” तळमजल्यावर दाताचे डॉक्टर आहेत. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, थोडा विचार केला आणि म्हणाले, “काढून टाका. नवा बसवा.” ते प्रत्येक गोष्टीला हेच म्हणतात, पण या एका बाबतीत ते शास्त्राच्या सर्वांत जवळ होते हे नमूद केलं पाहिजे.

राहता राहिला मेहुणा. वहिनींचा धाकटा भाऊ, इंजिनिअर, आणि ते विसरू न देणारा.

“भाऊजी, लेझर डायोड रिपेअर होत नसतो.”

“का होत नसतो?”

“आत केसाहून बारीक काम असतं. जळला की जळला.”

“पण जळलाय हे कशावरून?”

“कंपनीने सांगितलंय की!”

“अरे, मीही कंपनीच आहे,” फ्यूजराव गरजले. “दिवसभर लोकांना काय काय सांगतो ते मला विचार!”

शिक्षण भंगाराच्या दुकानात सुरू झालं. जुन्या डीव्हीडी रायटरमध्ये लाल लेझर असतो, हे फ्यूजरावांना इंटरनेटवर कळलं होतं. भंगारवाल्याला त्यांनी मेलेले रायटर मागितले. “चालू देऊ का?” त्याने विचारलं. “नको, मेलेलेच दे,” हे म्हणाले. त्या दिवसापासून तो यांच्याशी जरा जपूनच बोलतो. घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर शस्त्रक्रिया झाल्या. स्क्रू सांडशीत सापडले, भिंगं चहाच्या गाळण्यात. एक डायोड भलताच तरतरीत निघाला, त्याने दिवाणखान्याच्या पडद्याला टाचणीएवढं भोक पाडलं. वहिनींनी भोक पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिथे बाहेरच्या बाजूने एक फूल टाकलं. टाके सरळ होते. हे फ्यूजरावांनी मुद्दाम बघून ठेवलं.

या सगळ्यातून एक विद्या मात्र हाती आली. वीज मोजायच्या मल्टिमीटरला डायोड तपासायची खूण असते. मीटरची दोन टोकं डायोडच्या पायांना लावायची. आकडा आला तर जिवंत, नाही आला तर मेलेला. लाल डायोडांनी एकामागून एक आकडे दिले, मेलेल्यांनी दिले नाहीत. फ्यूजराव दारात उभे राहून लोकांना निदान सांगू लागले. हेडमास्तरांचा फळ्यावर दाखवायचा लाल पॉइंटर त्यांनी खरोखर जिवंत करून दिला. आतला मेलेला डायोड काढून भंगारातला एक बसवला, बस. हेडमास्तर खूश. निवृत्त असल्यामुळे फळा नाही, म्हणून ते आता गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या टाकीवर ठिपका पाडून शेजाऱ्यांना पाण्याची पातळी समजावून सांगतात.

मग एका रविवारी फ्यूजरावांनी चादर काढली. डब्याचे स्क्रू सोडले, डायोडच्या पायांवरची वायर सोडवली, मीटरची टोकं लावली.

आकडा आला नाही.

टोकं उलटी लावली. नाही. पुन्हा सुलटी. नाही. वहिनी मागे उभी होती, पदराला हात पुसत. तिला काही सांगावं लागलं नाही.

“बघा,” ती एवढंच म्हणाली आणि आत गेली.

साहेब, तुमचा शिक्का खरा ठरला तो हा दिवस. फ्यूजरावांना त्या संध्याकाळी चहा गोड लागला नाही. तुम्ही खोटे असतात तर त्यांना राग आला असता, आणि रागाने माणूस उभा राहतो. तुम्ही खरे निघालात म्हणून ते खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, “ठीक आहे. मेला तर मेला. दाताच्या डॉक्टरांचं ऐकू.”

नवा डायोड परदेशातून मागवावा लागला, तो आला, आणि सीमाशुल्क खात्याने अडवला. पार्सल कार्यालयात काचेमागे एक अधिकारी होते. त्यांनी खोकं कानाशी धरून हलवून बघितलं.

“काय आहे यात?”

“डायोड.”

“इथे लेझर लिहिलंय.”

“लेझर डायोड.”

“माणूस मरतो का याने?”

“छे! फार तर डोळा जाईल. म्हणून तर चष्मा—”

एवढ्या प्रामाणिकपणाची गरज नव्हती. अधिकाऱ्यांनी खुर्ची मागे सरकवली.

“उपयोग काय?”

“नावं कोरायला.”

“कुणाची?”

“इमारतीतल्या सगळ्यांची.”

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. “इमारतीतल्या सगळ्या लोकांची नावं तुम्ही लेझरने का कोरताय?”

“पाटीवर हो! लाकडाच्या पाटीवर!”

सक्षम व्यक्तीचं प्रमाणपत्र आणा, असा हुकूम झाला. सक्षम कोण, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. अध्यक्षांना विचारलं तर ते म्हणाले, “सक्षम म्हणजे मीच की,” आणि सोसायटीच्या कागदावर त्यांनी शिक्क्यासकट लिहून दिलं: ‘सदर गृहस्थ आमच्या इमारतीत राहतात. ते हेतूने निरुपद्रवी आहेत.’

“हेतूने म्हणजे?” फ्यूजरावांनी विचारलं.

“मी लिफ्टमध्ये होतो,” अध्यक्ष म्हणाले. विषय संपला.

अधिकाऱ्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खोकं सोडलं. फ्यूजरावांनी ते छातीशी धरून घरी आणलं. बसवण्याआधी तपासायचं, हा नियम. मीटर लावला.

आकडा नाही.

नवाकोरा डायोड मेलेला! विकणाऱ्याला त्यांनी जे लिहिलं ते इथे देता येणार नाही. त्याने मुकाट्याने दुसरा पाठवला. पुन्हा पार्सल कार्यालय, पुन्हा तेच प्रमाणपत्र, यावेळी अधिकाऱ्यांनी “कसे आहात निरुपद्रवी?” अशी आपुलकीने चौकशीही केली. घरी येऊन मीटर लावला. आकडा नाही. फ्यूजराव गॅलरीत जाऊन जगाला चोर म्हणाले. समोरच्या टाकीवरचा लाल ठिपका दचकून थांबला.

वहिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, जुना मेलेला. नवा मेलेला. त्याच्यानंतरचा नवा तोही मेलेला.”

“तेच तर म्हणतोय! सगळे चोर!”

“मग मीटर जिवंत आहे का, ते बघितलंत का?”

फ्यूजरावांनी हातातला मीटर उलटासुलटा करून बघितला.

“सगळेच पेशंट मेलेले निघायला लागले,” ती शेंगेचा दोर ओढत म्हणाली, “तर मी आधी डॉक्टरची नाडी बघेन.”

मीटर जिवंत होता. लालवर लावला की आकडा देत होता. पण फ्यूजरावांच्या डोक्यात काहीतरी खटकन जागेवर बसलं. मीटरच्या पोटातली बॅटरी डायोडला जो धक्का देते तो लालला पुरतो. निळा डायोड मात्र त्या दुबळ्या धक्क्याने जागाच होत नाही, त्याला जास्त लागतो. हे त्यांनी वाचलेलं होतं! तीनदा वाचलेलं होतं, एकदा तर खाली रेघ मारून. पण वाचलेलं ज्ञान आणि हातातला मीटर यांची गाठ त्यांच्या डोक्यात पडली नव्हती. ती एका बाईने, मीटर म्हणजे काय हेही नीट माहीत नसलेल्या बाईने, शेंगा मोडता मोडता पाडून दिली.

टॉर्चमधले सेल काढले, ओळीने जोडले, करंट आवरायला मध्ये रेझिस्टर घातला, आणि दोघांनी केशरी काचांचे चष्मे चढवले. त्या चष्म्यातून निळा किरण सरळ दिसत नाही, म्हणून कोऱ्या कागदावरचा उजेड मोबाइलच्या पडद्यावर बघायचा, असं ठरलं. आधी नवा डायोड लावला. कागदावर मंद निळं चांदणं पडलं. मग जुना लावला. तुम्ही मारलेला, साहेब.

चांदणं पडलं.

“अगं, जिवंत आहे!” फ्यूजराव एवढ्या जोरात ओरडले की खालून डॉक्टरांनी विचारलं, “भूल उतरली का?”

मेहुण्याला फोन गेला. मेहुण्याने थंड पाणी ओतलं. ते तो फुकट ओततो.

“भाऊजी, जळालेला डायोडही मिणमिणतो. नुसता उजेड म्हणजे लेझर नव्हे. करंट वाढवत न्या. एका ठिकाणी उजेड एकदम उसळला पाहिजे. तो उंबरठा ओलांडला तर जिवंत. नाहीतर तो नुसता दिवा.”

मेहुणा बरोबर बोलत होता. मेहुण्यांमधली ही सगळ्यात असह्य गोष्ट.

करंट हळूहळू वाढवता येईल असा डबा फ्यूजरावांनी स्वतः बांधला. सावकाश, इंटरनेटवर बघून, दोनदा बोट भाजून. डब्याचं झाकण खोबरेल तेलाच्या बाटलीचं होतं. दिवस थंडीचा, अंगात लोकरी-नायलॉनचा स्वेटर. काम सुरू करण्याआधी उकडतं म्हणून त्यांनी तो डोक्यावरून ओढून काढला, केस उभे राहिले, अंगात चटचट झालं, आणि त्याच हातांनी त्यांनी एक नवा डायोड उचलला. ठिणगी दिसलीसुद्धा नाही. पण डब्यावर चढवल्यावर तो मिणमिणला आणि मिणमिणतच राहिला. करंट वाढवला, थोडा आणखी वाढवला. उसळी नाही. उंबरठ्याच्या अलीकडेच बसून राहिला, रुसलेल्या पाहुण्यासारखा.

हा डायोड खरोखर मेला, आणि तो फ्यूजरावांनी मारला. हातांतल्या विजेने. पण लक्षात घ्या, साहेब, या अपमानाचाही त्यांनी उपयोग केला. मेलेला डायोड कसा दिसतो हे त्यांना आता स्वतःच्या डोळ्यांनी कळलं होतं. तुम्हाला कळलेलं नाही. तुम्ही कधी एकही नीट मारलेला नसणार.

मग बनियनवर बसून, अंगातली वीज निघून जावी म्हणून हात नळाला लावून, जुना डायोड चढवला. समोर फळीचा तुकडा ठेवला.

“तू फिरव,” फ्यूजराव म्हणाले.

“मी? माझ्या हाताने?”

“तुझ्याच हाताने.”

वहिनींनी चष्मा नीट केला. बटणाला बोट लावलं, काढलं, पदराला पुसलं, पुन्हा लावलं. हळूच फिरवलं. मोबाइलवर मंद निळसर गोळा. अजून थोडं. तोच गोळा. अजून थोडं, आणि एकदम पडदा पांढराफेक झाला. फळीवर काळा ठिपका पडला, त्यातून धुराची एक बारीक रेघ सरळ वर गेली. जळक्या लाकडाचा वास घरभर पसरला.

ती हसली नाही. तिने बटण मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. पुन्हा धूर. तिसऱ्यांदा. मग म्हणाली, “मी मारलाच नव्हता.”

“नाही.”

“मग यंत्र का बंद पडलं?”

हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता. तुमचं ते काम आहे, त्याचा पगार तुम्ही घेता. तो तिने विचारला. आता मल्टिमीटरला आपलं नाव धुऊन काढायची संधी मिळाली. वायरीच्या दोन टोकांना लावला तर तो पीं पीं वाजतो. वहिनी डबा हाताने सरकवत राहिली, फ्यूजराव टोकं धरून बसले. डावीकडे पीं. मध्यापर्यंत पीं. मध्य ओलांडला की गप्प. पुन्हा डावीकडे, पुन्हा पीं. अध्यक्ष जिथे अर्धे राहिले होते, नेमकं तिथे. वायर आतून तुटली होती. डब्याबरोबर ती रोज हजारदा वाकते, आणि तुमच्या कारखान्यात कुणीतरी तिला प्लास्टिकच्या पट्टीने इतकं करकचून बांधलं होतं की तिला वाकायला जागाच नव्हती. ना भिंगाचा दोष, ना फडक्याचा. दोष तुमच्या गाठीचा.

फ्यूजरावांनी नवी, मऊ वायर टाकली, कथलाचा डाग दिला, आणि वहिनींनी ती सैल बांधली. “वेणीसारखी,” ती म्हणाली. “मुळाशी घट्ट बांधली की केस तुटतात. एवढंही कळत नाही लोकांना?”

वार्षिक सभेच्या दिवशी फलक प्रवेशदारात लागला. अध्यक्षांच्या नावाची दोन अर्धी इतकी बेमालूम जुळली होती की त्यांनी बोट फिरवून शोधलं तरी सांधा सापडला नाही. नाव इतरांएवढंच होतं, पण ते म्हणाले, “मोठंच वाटतंय.” सभेत त्यांनी वहिनींचा सत्कार केला. टाळ्या झाल्या. दिवे एकदाही गेले नाहीत, याचाही वेगळा उल्लेख झाला. फ्यूजराव मधल्या रांगेत बसले होते. त्यांची मान अशी ताठ होती की मागच्याला दिसेना. मान जरा खाली घ्या, असं हेडमास्तरांनी त्यांना लाल ठिपक्याने खुणावलं.

गोष्ट इथे संपली असती. पण फ्यूजराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून, पिशवीत तो करंटचा डबा घेऊन, तुमच्या दुरुस्ती केंद्रात आले. माफी मागायला लावायचं, एवढंच मनात होतं. काउंटरवर एक मुलगी होती. तिच्यामागे उघड्या दारातून टेबल दिसत होतं आणि टेबलाशी तुमचा तंत्रज्ञ. त्याने कुणाचा तरी डायोड उचलला. निळा. मीटरची टोकं लावली. आकडा आला नाही. त्याने डायोड टेबलाखालच्या खोक्यात टाकला आणि पुढचा कागद ओढून त्यावर शिक्का मारला.

तो शिक्क्याचा आवाज फ्यूजरावांच्या चांगल्या ओळखीचा होता.

“अहो,” ते काउंटरवरून ओरडले, “तो पेटवून बघता का कधी?”

“पेटवायचं कशाला?” तो आतून म्हणाला. “मीटर सांगतोय ना.”

“मीटरला निळं दिसत नाही!”

“सर, प्लीज,” मुलगी म्हणाली. “नंबर घ्या.”

“त्या खोक्यातले मला तपासू द्या. इथंच, तुमच्यासमोर. माझा डबा आणलाय मी.”

“खोकं नष्ट करायला जातं, सर. धोरण आहे.”

“पण त्यात जिवंत असतील!”

“सर, ते जळालेले आहेत. तसा रिपोर्ट आहे.”

“रिपोर्ट कशावरून?”

“मीटरवरून.”

खोबरेलाच्या झाकणाचा डबा त्यांनी पिशवीत ठेवला आणि परत आले. रागाने, म्हणजे उभे राहून. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग तिने कपाटातून एक चांगली, रंधलेली फळी काढली. यंत्रावरची चादर तर कधीच फडक्यांच्या डब्यात गेली होती. भिंग तिने मऊ फडक्याने पुसलं, तुमच्या चित्रातल्या बाईसारखं, आणि चष्मा लावला.

ती फळी आज तुमच्या टेबलावर आली असेल, साहेब. कागद नाही, म्हणून फाइलला लावता येणार नाही, आणि वजनदार आहे, म्हणून केराच्या टोपलीत मावणार नाही. तिच्यावरचं प्रत्येक अक्षर त्याच डायोडने कोरलंय ज्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर तुमचं गांडूळ आहे, आणि त्याच हाताने, ज्याच्यावर तुम्ही आळ घेतलात. रेघा सरळ आहेत, पट्टी लावून बघा. तिच्यावर एवढंच आहे:

‘मी जळालेला नाही. तुमच्या खोक्यात माझ्यासारखे आणखी किती आहेत, आणि त्यांच्यापायी किती घरांत कुणी स्वतःच्या हाताकडे बघत बसलंय? पेटवून बघा, आणि उत्तर द्या.’